पवनारचे दगड

७ मार्च १९३८ रोजी विनोबा भावे नालवाडीहून पवनारला आले, तेव्हा त्यांचे वजन ८८ पौंडांवर उतरले होते. प्रकृती इतकी ढासळलेली पाहून गांधीजींनी त्यांना डॉक्टरांच्या हवाली व्हायला सांगितले होते. विनोबांनी काही महिन्यांची मुदत मागून घेतली. धाम नदीच्या पलीकडे टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला होता, तिथे ते राहायला गेले. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी सगळ्या कामांचे ओझे त्रिवार संकल्प करून टाकून दिले आणि धामच्या पलीकडचे म्हणून त्या जागेला परमधाम म्हटले. औषध एकच, मोकळ्या हवेत जमीन खणायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, मग हळूहळू वाढवत दोन तासांपर्यंत. काही महिन्यांत वजन भरून आले.

या खणण्यात कुदळ दगडाला लागली. माती बाजूला केली तर तो नुसता दगड नव्हता, कोरलेली शिळा होती. वनवासातला राम आणि त्याला भेटायला आलेला भरत, असे दृश्य त्यावर होते. विनोबांना या भेटीचे विशेष अप्रूप होते. सहा वर्षांपूर्वी, १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर बोलताना बाराव्या अध्यायापाशी त्यांनी रामाजवळ राहून सेवा करणारा लक्ष्मण आणि दूर राहून रामाचेच काम करणारा भरत यांची तुलना केली होती. त्या दोन भावांच्या भेटीचे चित्र एखाद्या चित्रकाराने काढावे, असेही त्यांनी बोलून दाखवले होते. ती प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. आता तीच भेट जमिनीतून वर आली होती. विनोबा एरवी मूर्तिपूजेत रमणारे नव्हते, पण जे खणताना हाती आले त्याला दगड म्हणून बाजूला टाकणे त्यांना जमले नाही. त्यांनी शिळेची स्थापना केली आणि तिच्यासमोर प्रार्थना सुरू झाली.

त्या शिळेचे वय दीड हजार वर्षांच्या आसपास आहे. ती ज्या मंदिराची होती त्याचे जमिनीवर काही उरलेले नाही. तरी ते मंदिर कोणी आणि का बांधले असावे, ते कसे दिसत असेल आणि त्याचे पुढे काय झाले, याची हकीगत बऱ्याच अंशी जुळवता येते. तिचे पुष्कळसे धागे वर्धा जिल्ह्यातच सापडतात.

विदर्भावर वाकाटकांचे राज्य तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. विंध्यशक्ती हा त्यांचा मूळपुरुष. त्याचा मुलगा पहिला प्रवरसेन याने सम्राट हे बिरुद घेतले. त्याच्यानंतर राज्य वाटले गेले. एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला राहिली. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. दुसरी शाखा नंदिवर्धनला होती. नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचे नगरधन. आपली गोष्ट या दुसऱ्या शाखेची आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी एक बाई आहे.

प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिची आई कुबेरनागा नागकुळातली. प्रभावतीचे लग्न वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाले. गुप्तांना पश्चिमेच्या क्षत्रपांशी लढायचे होते आणि पाठीशी वाकाटकांसारखे राज्य मित्र असणे त्यांना हवे होते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीस रुद्रसेन अकाली वारला. मुले लहान होती. तेव्हा प्रभावतीने कारभार हाती घेतला आणि किमान तेरा वर्षे युवराज दिवाकरसेनाच्या नावाने तो चालवला.

तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला, म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. त्यात दान दिलेले गाव मात्र वर्धा जिल्ह्यातले आहे. हा ताम्रपट वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक, तो सासरच्या नव्हे तर माहेरच्या वंशावळीने सुरू होतो. आधी सगळे गुप्त राजे येतात, मग ती स्वतः. पाटलीपुत्राहून आलेली ही राणी विदर्भात राज्य करताना आपण कोणाची मुलगी आहोत हे पहिल्या ओळीपासून सांगते. दुसरी गोष्ट दिवसाची. दान दिले आहे कार्तिक शुद्ध द्वादशीला, भगवंताच्या चरणांशी निवेदन करून. म्हणजे कार्तिकी एकादशीचा उपास करून दुसऱ्या दिवशी पारण्याच्या वेळी राणीने दान सोडले. पंढरीच्या वारीच्या लेखी नोंदींच्या कितीतरी शतके आधी महाराष्ट्राच्या भूमीवर एक विधवा राणी कार्तिकी द्वादशी पाळत होती. मला हा तपशील कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा मोलाचा वाटतो.

दान दिलेल्या गावाचे नाव दंगुण, आणि ते सुप्रतिष्ठ नावाच्या आहारात म्हणजे परगण्यात होते. इतिहास संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट असे ठरवले. हिंगणघाट तालुक्यातल्याच जांब येथे प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. तो त्याच्या राज्याच्या दुसऱ्या वर्षातला आहे आणि नंदिवर्धनहून दिलेला आहे. त्यात उमा नदीकाठच्या गावांच्या सीमा सांगितल्या आहेत. त्यातले मंडुकिग्राम म्हणजे मांडगाव, असेही मिराशींनी दाखवले. जिल्ह्यात बेलोऱ्यालाही याच राजाचे ताम्रपट निघाले, ते अकराव्या वर्षाचे. तेही नंदिवर्धनहूनच दिलेले.

मग राजधानीचे नाव बदलते. अचलपूरजवळच्या चम्मक येथील ताम्रपट राज्याच्या अठराव्या वर्षातला आहे आणि तो प्रवरपूरहून दिलेला आहे. म्हणजे मधल्या सात वर्षांत प्रवरसेनाने आपल्या नावाचे नवे नगर वसवले होते. या चम्मक ताम्रपटाने एक हजार ब्राह्मणांना चर्मांक हे गाव दिले. नावे मात्र एकोणपन्नासांचीच नोंदवली आहेत. दानासोबत अटीही कडक घातल्या. राज्याविरुद्ध द्रोह करायचा नाही, चोरी, ब्रह्महत्या, व्यभिचार, विषप्रयोग यांत पडायचे नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. यांतली एक जरी गोष्ट केली तर गाव परत घेतले तरी राजाला चोरीचा दोष लागणार नाही. कृपा करतानाही हिशेब चोख ठेवणारा हा राजा होता.

आणि तो कवीही होता. प्राकृतातले 'सेतुबंध' हे महाकाव्य त्याच्या नावावर आहे. वानरसेनेने समुद्रावर सेतू बांधला आणि रामाने रावणाला मारले, हा त्याचा विषय. ते माहाराष्ट्री प्राकृतात लिहिले आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत. कालिदासाने विक्रमादित्याच्या सांगण्यावरून ते प्रवरसेनासाठी लिहिले, असे त्यावर टीका लिहिणाऱ्या रामदासाने अकबराच्या काळात नोंदवले आहे. ते खरे असो वा नसो, रामकथा या दरबारात मनापासून ऐकली जात होती हे त्यावरून कळते. प्रवरसेन स्वतः शिवभक्त होता. शंभूच्या कृपेने पृथ्वीवर कृतयुग आणले, असे त्याच्या ताम्रपटांत म्हटले आहे. त्याची आई विष्णुभक्त होती. रिद्धपूर ताम्रपटाचे दान तिने रामगिरिस्वामीच्या चरणांपाशी दिले आहे. रामगिरी म्हणजे रामटेक. आई विष्णूची आणि मुलगा शिवाचा, पण दोघांमध्ये यावरून काही तेढ होती असे एकाही लेखात दिसत नाही.

पवनारच्या शिळा या घराण्याच्या काळातल्या आहेत, हे त्यांच्या शैलीवरून ठरते. विनोबांना सापडलेल्या शिळेनंतर आणखी शिल्पे मिळत गेली. मकरावर उभी गंगा मिळाली. वाली आणि सुग्रीव यांचे द्वंद्व म्हणून ओळखली जाणारी शिळा मिळाली. मिराशींनी या शिळांमध्ये रामायणातले प्रसंग क्रमाने वाचले आणि अनुमान काढले की, प्रवरसेनाने आपल्या आईसाठी इथे रामचंद्राचे मंदिर बांधले असावे. काही शिळांवर रामकथा नसून कृष्णकथा असावी, असेही पुढच्या अभ्यासकांनी सुचवले. तो वाद त्यांच्याकडे सोपवू. एवढे निश्चित की, धामकाठी या टेकाडावर पाचव्या शतकात एक वैष्णव मंदिर होते आणि ते कोरणारे हात कसबी होते.

त्या मंदिराचे रूप आज डोळ्यांसमोर आणायचे तर रामटेकचा डोंगर चढावा लागतो. तिथे वाकाटकांची मंदिरे अजून उभी आहेत. त्यांतले केवल नरसिंहाचे मंदिर पाहिले की पहिला धक्का बसतो तो साधेपणाचा. शिखर नाही. चौकोनी गाभारा, पुढे खांबांचा लहानसा मंडप, वर सपाट दगडी छत. यादवांच्या काळातली हेमाडपंती देवळे पाहिलेल्या डोळ्यांना ही रचना अपुरी वाटते. पण आत नरसिंह बसला आहे तो हिरण्यकशिपूला फाडणारा नव्हे. गुडघा उंचावून, हातात चक्र घेऊन निवांत बसलेला प्रचंड देव आहे. बांधणाऱ्याने सगळा जोर मूर्तीवर दिला आहे आणि भिंती मुद्दाम गप्प ठेवल्या आहेत. या मंदिरातल्या शिलालेखावरून ते प्रभावतीगुप्तेच्या पुण्यप्राप्तीसाठी तिच्या अपत्याने बांधवले असे दिसते. आईच्या नावाने देऊळ बांधण्याची रीत या घराण्यात होती, म्हणून मिराशींचे पवनारविषयीचे अनुमान पोकळ वाटत नाही.

पण पवनारचे मंदिर रामटेकच्या मंदिरांहून एका बाबतीत निराळे होते. इथे कथा सांगणाऱ्या शिळा आहेत. त्या गाभाऱ्यात बसवायच्या नसतात, त्या लोकांनी फिरत फिरत पाहायच्या असतात. उत्तर प्रदेशात देवगडला गुप्तकाळाच्या अखेरीचे दशावतार मंदिर आहे. त्याच्या उंच जोत्याभोवती रामकथेच्या आणि कृष्णकथेच्या शिळा बसवल्या होत्या. भक्त प्रदक्षिणा घालू लागला की प्रसंग एकामागून एक समोर यायचे. पवनारच्या शिळाही अशाच जोत्यावर किंवा बाहेरच्या भिंतीत असाव्यात. गंगा दाराशी असणार, कारण त्या काळी दाराच्या एका बाजूला गंगा आणि दुसऱ्या बाजूला यमुना कोरण्याचा प्रघात होता. आत जाणारा माणूस दोन पवित्र नद्यांमधून जातो, अशी ती कल्पना. या खेड्यातल्या दारावर गंगा कोरवून घेताना राणीला आपल्या माहेरची नदी आठवली असेल का, हा प्रश्न मनात येतो.

देऊळ दगडी होते की विटांचे? वाकाटकांच्या राज्यात विटांची मंदिरे पुष्कळ होती. मांढळच्या आणि मनसरच्या उत्खननांत ती उघडी झाली. मनसरला हिडिंबा टेकडीवर विटांचे भले मोठे देवालय निघाले. पवनारलाही भिंती विटांच्या आणि शिल्पे, चौकटी, खांब दगडाचे अशी मिश्र बांधणी असणे संभवते. तसे असेल तर देऊळ नाहीसे का झाले हेही उलगडते. पडक्या इमारतीच्या पक्क्या विटा ही खेड्यात फुकटची खाण असते. पिढ्यानपिढ्या घरे, विहिरी, वाडे यांत त्या जिरून जातात. कोरलेला दगड मात्र कोणाच्या भिंतीत बसत नाही, तो मातीखाली राहतो.

इंग्लंडच्या खेड्यांत बाराव्या-तेराव्या शतकातले पॅरिश चर्च आजही जागच्या जागी असते. एका पिढीने मनोरा वाढवलेला, दुसरीने खिडकी मोठी केलेली, आणि १५३८ साली निघालेल्या हुकुमानंतर बाप्तिस्मा, लग्न, मरण यांची नोंदवही त्याच चर्चमध्ये ठेवलेली. इमारत आणि तिचा इतिहास एकत्र राहिले. विदर्भात दोन्हींची ताटातूट झाली. देऊळ मातीखाली गेले आणि नोंदी तांब्याच्या पत्र्यांवर, शेतांत आणि घरांत, दूर दूर पांगल्या. नोंदी टिकल्या त्या धातूवर कोरल्या होत्या म्हणून, आणि त्याही नांगराच्या फाळाला लागतील तेव्हाच वर आल्या. म्हणून पवनारचा इतिहास लिहिताना पुण्याचा ताम्रपट, अचलपूरचा ताम्रपट आणि रामटेकचा शिलालेख एका जागी आणावे लागतात.

वाकाटकांचा अंत झपाट्याने झाला. प्रवरसेनाचा मुलगा नरेंद्रसेन आणि नातू दुसरा पृथ्वीषेण यांच्या वेळी शत्रूंनी राज्य खिळखिळे केले. बस्तरकडच्या नळ राजांपैकी भवदत्तवर्मा याने तर नंदिवर्धनहून दान दिले आहे, म्हणजे काही काळ राजधानीच त्याच्या हाती होती. आपण बुडालेल्या घराण्याचा दोनदा उद्धार केला, असे पृथ्वीषेणाच्या बालाघाट ताम्रपटात आहे. पाचवे शतक संपता संपता ही शाखा इतिहासातून नाहीशी होते.

प्रवरपूर या नगराचे नावही गेले. वर्धा जिल्ह्यात देवळी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट मिळाला आहे, शके ८६२ चा, म्हणजे इसवी सन ९४० चा. त्यात नागपूर-नंदिवर्धन या विषयाचा म्हणजे प्रांताचा उल्लेख आहे. नागपूर हे नाव आढळणाऱ्या सर्वांत जुन्या लेखांत तो गणला जातो. पाचशे वर्षांनंतर नंदिवर्धनचे नाव सरकारी कागदात शाबूत होते, प्रवरपूरचे नव्हते. राजाने स्वतःच्या नावाचे नगर वसवले आणि ते नाव राजाच्या वंशाबरोबर संपले.

पवनार गाव मात्र संपले नाही. धामच्या वळणावरची ती टेकडी कोणत्याही काळच्या राज्यकर्त्याला सोयीचीच होती. मुसलमानी अमदानीत पवनार हे मोठे ठाणे झाले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारची गणना केली. तिथला मजबूत किल्ला उंचवट्यावर आहे आणि त्याच्या तीन बाजूंना दोन नद्यांचे पाणी आहे, असे वर्णनही दिले. लोकांच्या तोंडी मात्र सुभेदारांची नावे राहिली नाहीत. राहिला तो पवन राजा. त्याच्याकडे परीस होता, तो शेतकऱ्यांकडून सारा म्हणून लोखंडी फाळ घ्यायचा आणि परिसाला लावून सोन्याचे करायचा, अशी गोष्ट या भागात सांगत आले आहेत. या राजाला ताम्रपट नाही, नाणे नाही. पण शेतकऱ्याकडून पैसा न मागता झिजलेला फाळ घेणारा राजा कापूस-ज्वारीच्या मुलखाला का हवासा वाटला असेल, हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

भोसल्यांच्या राज्यानंतर इंग्रज आले आणि १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा केला. जिल्ह्याचे ठाणे पवनारला आले नाही. ते आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते आणि १८६६ मध्ये पालकवाडी या लहान खेड्याच्या जागी आखून बांधलेल्या वर्धा शहरात गेले. पवनार मागे पडले, आणि हे मागे पडणेच त्याच्या पथ्यावर पडले, असे मला वाटते. जिल्ह्याचे ठाणे झाले असते तर कचेऱ्या आणि तुरुंग बांधताना टेकाडे सपाट झाली असती. विनोबा आले तेव्हा ती शेतजमीनच होती.

१९३८ नंतर पवनारचा इतिहास पुन्हा वेगाने धावू लागला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात विनोबांनी इथेच युद्धाविरुद्ध भाषण करून केली. पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांची निवड केली तोपर्यंत विनोबांचे नाव देशाला फारसे माहीत नव्हते. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या रक्षेचा एक अंश इथे धामच्या पात्रात सोडला गेला. नदीतल्या खडकावर त्याची छत्री आहे आणि दर वर्षी त्या दिवशी मेळा भरतो. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पवनारहून पायी हैदराबादकडे निघाले. शिवरामपल्लीचे संमेलन आटोपून तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा जन्म झाला. २५ मार्च १९५९ रोजी त्यांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. आश्रमाचे सगळे निर्णय तिथल्या बहिणी मिळून घेतात आणि शेतीपासून छपाईपर्यंतची कामे स्वतः करतात. विनोबांची अखेरची वर्षे इथेच गेली आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला.

या सगळ्या काळात वाकाटकांच्या शिळा आश्रमात राहिल्या. त्या वस्तुसंग्रहालयात नेल्या असत्या तर त्यांच्यावर दिवे आले असते, पाट्या लागल्या असत्या, ऊनपावसाचा त्रासही कमी झाला असता. मूर्तीचे जतन करणाऱ्याला हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. पण इथे त्यांना जे मिळाले ते संग्रहालय देऊ शकले नसते. भरत-राम पुन्हा प्रार्थनेच्या जागी आले. दीड हजार वर्षांपूर्वी बहुधा एका राणीच्या श्रद्धेसाठी कोरलेली शिळा स्त्रियांच्याच समुदायाने सांभाळली. हा योगायोग आहे, पण मी तो नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

इतिहास संशोधनाची बाजू समांतर चालली होती. मिराशींनी आयुष्यातली बरीच वर्षे वाकाटकांना दिली. त्यांनी वाकाटकांवर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यांचे सगळे कोरीव लेख एकत्र करून, वाचून, १९६३ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लेखमालेचा पाचवा खंड म्हणून प्रसिद्ध केले. चौकोनी पेटीसारखा माथा असलेल्या त्या अक्षरांतून विदर्भाची शेकडो जुनी ग्रामनामे त्यांनी शोधून काढली. पवनार म्हणजेच प्रवरपूर, हा त्यांचा निष्कर्ष होता. नावाचे साम्य, भोवताली मिळालेले ताम्रपट आणि ही शिल्पे, असे तिहेरी प्रमाण त्यांनी दिले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला उत्खनन केले आणि पुढच्या वर्षी अहवाल छापला. ख्रिस्तपूर्व काळापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर त्यात उघडे झाले. गाव जुने आहे याबद्दल शंका राहिली नाही.

१९९७ नंतर मनसरला जगत्पती जोशी आणि अ. कृ. शर्मा यांनी खणायला सुरुवात केली आणि प्रवरपूर कोणते हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिथल्या टेकडीवर 'प्रवरेश्वर' या देवाच्या नावाचे ठसे मिळाले. प्रवरसेनाच्या नावाचा देव मनसरला असेल तर प्रवरसेनाचे नगरही मनसरलाच असणार, असे हान्स बाकर आणि इतर अनेक अभ्यासक मानतात. नंदिवर्धनपासून मनसर अगदी जवळ आहे, पवनार दूर आहे. पुरावा मनसरच्या बाजूने झुकला आहे हे मान्य करायला हवे. मिराशी हयात असते तर त्यांनी तो ठसा हातात घेऊन पुन्हा विचार केला असता, असे त्यांच्या लिखाणातल्या काटेकोरपणावरून वाटते.

राजधानीचा मान गेला म्हणून पवनारचे महत्त्व कमी होते का? माझ्या मते उलट आहे. राजधानीत राजा देऊळ बांधतो यात नवल नाही. राजधानीपासून दूर, धामकाठच्या गावी इतक्या तोलामोलाची शिल्पे कोरली गेली असतील, तर वाकाटकांच्या काळी या भागात संपत्ती होती, कसबी पाथरवट होते, रामकथा जाणणारे लोक होते. हिंगणघाट आणि मांडगाव ही गावे वाकाटकांच्या दानपत्रांत येतात, जांब आणि बेलोरा येथे दानपत्रेच मिळाली. त्यांच्यामध्ये पवनारचे मंदिर ठेवले की पाचव्या शतकातला वर्धा जिल्हा नकाशावर दिसू लागतो. इथे लागवडीखालची जमीन होती, वसलेली गावे होती, आणि त्यांना एकत्र आणणारे देवस्थान होते. आज शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमधून जिल्ह्याचे नाव ऐकणाऱ्याला ही भूमी एके काळी दानात देण्याइतकी समृद्ध होती, हे कळायला हवे.

ही शिल्पे पाहायला तिकीट लागत नाही, वर्ध्याहून नागपूर रस्त्याने दहा किलोमीटरही जावे लागत नाही. तरी शाळांच्या सहली सेवाग्राम करून पवनारला नदीकाठी डबे खातात आणि शिळांकडे न बघता परततात. वर्धा जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: मुलांना आधी जांब आणि हिंगणघाटच्या ताम्रपटांची गोष्ट सांगा, प्रभावतीगुप्तेचे नाव फळ्यावर लिहा, आणि मग त्यांना भरत-रामापुढे उभे करा. ज्यांच्या शेतात किंवा घराच्या पायात कोरीव दगड लागेल त्यांनी तो विकू नये, फोडू नये, तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. पवनारच्या मंदिराचे अजून किती दगड त्या टेकाडाखाली आहेत, हे खणल्याशिवाय कळणार नाही, आणि ते खणणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे.